रेघेच्या वरचं तेल

माणसं विसरतात, याचा यज्ञेश्वरला मनापासून राग यायचा. कुणी छत्री विसरतं, कुणी निरोप विसरतं, आणि बाकीचे हसून सोडून देतात. याला ते जमायचं नाही. त्यात नोकरी लागली तीही अशा ठिकाणी, जिथं एकाच्या विसरण्यापायी दुसऱ्याचं इंजिन जळायचं.

कोल्हापुरात गणपतराव मिस्त्रींचा ऑइल इंजिनांचा कारखाना होता. स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती. विहिरींवर मोटांच्या जागी पंप येत होते, उसाच्या चरकाला बैलांच्या जागी इंजिनं जोडली जात होती, आणि पत्र्याच्या त्या दोन शेडमध्ये दिवसभर कानठळ्या बसत. गणपतराव शाळेत गेले ते चौथीपर्यंत, पण बंद पडलेल्या विलायती इंजिनाला नुसता हात लावून त्याचं दुखणं सांगायचे. यज्ञेश्वर पुण्याहून डिप्लोमा घेऊन आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, धुतलेल्या शर्टावर कधी डाग पडू न देणारा. इंजिनांच्या कारखान्यात डाग पडू द्यायचा नाही म्हणजे काय कसरत असते, ते त्यालाच माहीत. गणपतराव त्याला पंत म्हणायचे, थोड्या कौतुकानं, थोड्या चेष्टेनं.

तेव्हाच्या इंजिनाला सहा जागी तेल लागायचं, म्हणून सहा जागी सहा काचेच्या कुप्या बसवलेल्या असत. कुपीच्या बुडाशी बारीक तोटी असे. ती उघडली की काचेतून थेंब थेंब तेल खाली उतरायचं. इंजिन सुरू करताना ड्रायव्हरनं सहा तोट्या उघडायच्या आणि थांबवताना सहा मिटायच्या, एवढंच काम. आणि एवढंच काम माणसं विसरायची. मलकापूरच्या एका ड्रायव्हरनं पाच तोट्या उघडल्या, तेवढ्यात रस्त्यानं लग्नाची वरात आली, हा बघायला गेला आणि सहावी राहिली. बेअरिंग जळून गेलं. यज्ञेश्वर ते दुरुस्त करायला गेला तेव्हा तो माणूस वरातीतल्या घोड्याचं वर्णन करून सांगत होता.

त्या दिवसापासून यज्ञेश्वरनं पेटीचा ध्यास घेतला. इंजिनाच्या कुशीला एक लोखंडी पेटी, तिच्यात एकदाच तेल भरायचं. पेटीत छोटा पंप, तो इंजिनाच्याच फिरण्यावर चालणार आणि तांब्याच्या सहा बारीक नळ्यांतून सहाही जागी मोजून तेल पोचवणार. तोट्या नाहीत, उघडमीट नाही, विसरायला काही शिल्लकच नाही. पेटीच्या अंगाला एक उभी काच आणि काचेवर तांबडी रेघ. आठ महिने तो त्या पेटीपायी जेवायचं विसरला, पण हे विसरणं त्यानं स्वतःला माफ केलं असावं.

गणपतरावांनी पेटी चालवून बघितली, वास घेतला, नळ्यांवरून बोट फिरवलं.

"झ्याक झालंय पंत. पर लई शहाणं यंत्र केलंसा. मला शहाण्याची जरा भीतीच वाटती."

"एकदा गिऱ्हाइकाकडं चालवून तर बघू."

"बगू की. एका इंजिनाला लावा. एक हंगाम बिनतक्रार गेला, तर म्होरली समदी इंजिनं ह्याच पेटीची. आनि न्हाय गेला, तर पेटी कपाटात आनि तुमी पुन्यांदा कुप्यांवर. कबूल?"

यज्ञेश्वरनं कबूल केलं. त्याला काळजी नव्हती. आपलं काम पुऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात फिरणार, हेच त्याला दिसत होतं, आणि ते त्याला फार हवं होतं.

ते एक इंजिन गेलं कुरुंदवाडला, कल्लाप्पांच्या गुऱ्हाळावर. कल्लाप्पा जैन शेतकरी, शब्दाला पक्के, चाळीस एकर ऊस. आदल्या वर्षापर्यंत त्यांचा चरक बैल ओढायचे. यज्ञेश्वरनं स्वतः जाऊन इंजिन बसवलं आणि बाळासो नावाच्या त्यांच्या ड्रायव्हरला दोन दिवस शिकवलं. बाळासो तिशीतला, कमी बोलणारा, वाचायला अडखळणारा. म्हणून यज्ञेश्वरनं सूचना मोठ्या अक्षरात लिहून इंजिनाशेजारच्या फळीवर चिकटवल्या. त्यातली तिसरी त्यानं बाळासोकडून पाठच करून घेतली: काचेतले तेल रेघेच्या वर असल्यास इंजिनास सर्व ठिकाणी तेल मिळत आहे असे समजावे.

गुऱ्हाळाला चांगला दिवस बघून आरंभ झाला आणि तिसऱ्या दिवशी कारखान्यात तार आली. इंजिन जळाले, ताबडतोब या.

यज्ञेश्वर सकाळच्या एस.टी.नं निघाला. कुरुंदवाडला उतरून शेतापर्यंत चालत गेला तेव्हा उन्हं वर आली होती. गुऱ्हाळाचं चुलवाण विझलेलं होतं. तोडलेल्या उसाच्या तीन गाड्या तशाच उभ्या होत्या आणि ऊस वाळत होता. काढून ठेवलेला रस आंबून गेला होता, त्यावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. गूळ करणारा गुळव्या बांधावर बसून कोऱ्या चेहऱ्यानं विडी ओढत होता. कल्लाप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते ओरडणारे नव्हते. त्यांनी आधी पाणी दिलं.

"बाळासो तेल घालाय इसरला," ते म्हणाले. "तवाच हाकलला त्येला. दहा वर्सं कामाला हुता. मानूस चांगला, पर इसरला."

खरं सांगायचं तर हे ऐकून यज्ञेश्वरला बरं वाटलं. शेवटी माणूसच विसरला ना! तो पेटीजवळ गेला, वाकला, काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा एकदा पुसली. तेल रेघेच्या चांगलं वर होतं.

"जळल्यावर भरलं असंल," कल्लाप्पा मागून म्हणाले. "झाकाय."

पण ते तेल नवं नव्हतं. यज्ञेश्वरनं स्वतः भरून दिलेलं, तेच, चार दिवसांची धूळ वरच्या कडेला धरलेलं. म्हणजे तेल होतं आणि तरीही इंजिन तेलावाचून जळलं होतं. दोष पेटीचा होता. त्यानं बादली मागवली, तेल काढलं, पेटी सोडवली आणि उन्हात आडवी धरून आत बघितलं. पंपाच्या तोंडावर, तेल ओढून घ्यायच्या भोकातच, काहीतरी तपकिरी चिकटून बसलं होतं. त्यानं काडीनं उकरलं, बोटावर घेतलं, हुंगलं आणि न राहवून जिभेला लावलं.

"गूळ!" तो जवळजवळ आनंदानं ओरडला. "अहो, गूळ आहे हा! पेटीत गूळ गेलाय!"

लोक गोळा झाले. गुळव्यानं विडी विझवली. पेटीत गूळ कसा जाईल, म्हणून सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात कल्लाप्पांच्या आई, रत्नाबाई, गर्दीतून पुढं आल्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, हाताला उसाची पाती लागून चरे पडलेल्या. सगळं घर त्यांना अव्वा म्हणायचं.

"म्या घातला की," अव्वा म्हणाल्या. "पैल्या काहिलीचा गूळ. बस्तीत देवाम्होरं ठिवला, आनि दुसरा घास ह्याला दिला. बैलं हुती तवा बैलांच्या तोंडात द्येत हुतो. राबतंय त्येला नगं व्हय द्यायाला? आता बैलं न्हाईत, ह्यो राबतोय. झाकन उगाडलं, त्वांड दिसलं, घास घातला."

कुणीतरी फिसकन हसलं. कल्लाप्पांचा चेहरा काळवंडला.

"अव्वा, यंत्र हाय ते! यंत्र गूळ खातंय व्हय? दोन दिसाचं काम बुडालं, गावात नाचक्की झाली, त्या बाळासोला मी..."

म्हातारी इंजिनाजवळ गेली. मग यज्ञेश्वरकडं वळून हळूच म्हणाली, "सायेब, म्या मारला व्हय ह्याला?"

त्यानं मान हलवली, धड नाही म्हटलं नाही, धड हो म्हटलं नाही. त्याचं मन भलतीकडं धावत होतं. तेल भरायच्या तोंडाच्या झाकणाला कुलूप, आत एक बारीक जाळी, एवढं केलं की झालं. पेटी निर्दोष होती. पेटी वाचली होती! त्यानं वही काढून तिथंच जाळीचं चित्र काढलं, आणि मग त्याला आठवलं की एका माणसाला उगाच हाकललंय.

"बाळासोला बोलवा," तो म्हणाला. "त्याचा काही दोष नाही."

बाळासो आला तो घुश्शात. चार दिवसांची दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कल्लाप्पांनी सगळ्यांदेखत त्याला झाली हकीकत सांगितली आणि चुकलं म्हणाले. कल्लाप्पांसारख्या माणसानं असं म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हती. पण बाळासो त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो फळीवर चिकटवलेल्या कागदासमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, ही तिसरी सूचना. तुमी माज्याकडनं पाठ करून घेतलीसा."

"हो."

"मी दर तासाला काच बगितली. तेल रेगंच्या वर. दुसऱ्या दिशी सकाळी बगितली, तेल जरासुदिक कमी न्हाय. म्हटलं सायबानं झ्याक काम केलंय, तेल खातच न्हाय इंजिन. मालकांनाबी सांगितलं मी तसं. आनि दुपारी त्ये बसलं." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "गूळ अव्वानं घातला, बरं. मला म्हाईत न्हवतं. कळाय कसं पायजे हुतं? तुमी सांगितलं तसं समदं केलं मी. आनि काय बगाय पायजे हुतं, तेवडं सांगा. म्होरल्या टायमाला बगीन."

यज्ञेश्वरनं तिसरी सूचना पुन्हा वाचली.

तेल कमी झालं नाही, कारण ते पेटीतून बाहेर पडतच नव्हतं. काच भरलेली दिसत होती, ती इंजिन उपाशी मरत होतं म्हणून. आणि त्यानं त्या भरलेल्या काचेशेजारी स्वतःच्या सुंदर अक्षरात सर्व ठीक असं लिहून ठेवलं होतं, एका प्रामाणिक माणसाकडून ते घोकून घेतलं होतं. कुलूप लावलं तर गूळ जाणार नाही. मग उद्या पुसायच्या चिंध्यांचा दोरा जाईल, परवा एखादी गांधीलमाशी, नाहीतर पंपाची स्प्रिंगच मोडेल. आणि काच तशीच भरलेली राहील. त्याला बाळासोच्या नजरेला नजर देणं जड गेलं.

"तुझं काही चुकलं नाही," तो एवढंच म्हणाला. मग अव्वांकडं वळला. "आणि अव्वा, इंजिन तुमच्यामुळं जळलं नाही."

"गूळ तर म्याच घातलाय की," अव्वा म्हणाल्या. त्यांना उगाच समजूत घातलेली आवडत नसावी.

त्यानं कारखान्याला चिठ्ठी धाडली. दोन दिवसांनी नवं बेअरिंग आलं, पिस्टन आला, आणि चिठ्ठीत मागवलेल्या सहा जुन्या काचेच्या कुप्याही आल्या. त्या बसवताना यज्ञेश्वरच्या शर्टाला पहिल्यांदा मोठा डाग पडला. इंजिन सुरू झालं, काहील तापली, उसाच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या. तो मुद्दाम दिवसभर तिथं थांबला आणि बाळासोकडं बघत बसला.

बाळासो काही करत नव्हता म्हटलं तरी चालेल. चिपाडं उचलायचा, तंबाखू मळायचा, कुणाशी दोन शब्द बोलायचा. पण येता-जाता त्याची नजर कुप्यांवरून फिरायची. थेंब, थेंब, थेंब. दुपारी तो चार पावलं लांब उभा होता, गुळव्याशी बोलत होता, आणि बोलता बोलता मध्येच थांबला. तिसऱ्या कुपीतला थेंब रेंगाळत होता. तो गेला, तोटी अंगठ्यानं जराशी फिरवली, दोन थेंब नीट पडलेले बघितले आणि परत येऊन राहिलेलं वाक्य पुरं केलं. त्याला कुणी कुठला कागद दिला नव्हता.

ते बघून यज्ञेश्वरला आनंद झाला आणि फार वाईटही वाटलं. आठ महिने त्यानं माणसाचं विसरणं पुसून टाकायला खर्ची घातले होते, आणि त्या नादात माणसाचे डोळेच झाकून टाकले होते. मलकापूरवाला विसरला होता हे खरं. पण निदान विसरलं काय ते शोधायला गेलं की सापडत होतं.

तो कोल्हापूरला परत आला तेव्हा गणपतराव शेडच्या दारातच उभे होते. कुरुंदवाडची बातमी त्याच्या आधी पोचली होती. गणपतराव पोट धरून हसत होते.

"गूळ चारला म्हातारीनं! पंत, आयुक्षात ऐकलं न्हवतं असलं! आवं, पर तुमी पडल्यालं त्वांड का केलंसा? पेटीची काय चूक? गूळ घातल्यावर कुठलं यंत्र चालंल? मी तुमच्या चिठ्ठीनंतर समदा इचार केला. आदी वाटलं हुतं लई शहाणं हाय, पर न्हाय, चीज हाय. कुलूप लावू आनि जाळी घालू. या हिकडं."

त्यांनी त्याला सुताराच्या फळीशी नेलं. ओतकामाचा लाकडी साचा तयार होता, पेटीचा. घासून गुळगुळीत केलेला, कडा अगदी नेमक्या. आणि पुढच्या अंगावर शिसवीची उठावाची अक्षरं चिकटवलेली: यज्ञेश्वर पेटी.

"पयल्या ईस इंजिनांना हीच," गणपतराव म्हणाले. "तुमचं नाव लोखंडात ओतायचं. आमच्या कारखान्यात आजपातूर कुनाचं ओतलं न्हाय. माजंबी न्हाय."

यज्ञेश्वरनं साच्यावरची अक्षरं दोनदा वाचली. त्याच्या वडिलांनी त्याचं नाव लोखंडात ओतलेलं बघितलं असतं तर ते गावभर सांगत सुटले असते. कुलूप आणि जाळी, एवढंच तर म्हणायचं होतं. गणपतराव राजी होते. गुऱ्हाळवालेही गुळाची गोष्ट सांगून हसले असते आणि विसरून गेले असते.

"नको, गणपतराव," तो म्हणाला. "कुप्याच ठेवू. सहा नाही, तीन पुरतील. बाकीच्या तीन जागा आतल्या आत फिरत्या दांड्यानं उडणाऱ्या तेलावर भागतील, तसं चित्र काढतो मी. तीन तोट्या उघडायला कमी विसरतील."

"आनि पेटी?"

"पेटी नको."

"आवं, पर का? गुळाला भिऊन?"

"गुळाला नाही. बाळासोनं मला विचारलं, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं, आणखी काय बघायला पाहिजे होतं."

"मग? काय सांगितलंसा त्येला?"

"तिथं काही सांगता आलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच, गणपतराव. मी ठेवलंच नव्हतं."

गणपतरावांचं हसू मावळलं. त्यांनी साच्यावरून एकदा हात फिरवला, खिशातून चंची काढली, पान न लावताच परत ठेवली, आणि सुताराला म्हणाले, "साचा तिकडं ठेव. अक्षरं काढून घे. शिसवी हाय, कुठंतरी कामाला यील."

"मी काढतो," यज्ञेश्वर म्हणाला.

त्यानं पटाशी घेतली आणि फळीशी बसून आपलं नाव एकेक अक्षर सुटं करायला लागला. पहिली दोन सहज निघाली. मग त्याला नीट दिसेना, म्हणून थांबून त्यानं मळक्या बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा पटाशी लावली. शेवटचं अक्षर काही केल्या हलेना. सुतारानं सरस फार चांगला लावला होता.